आधी तुम्ही

१

दोष होर्मोजमामाचा होता. गावात असं कुणी बोलत नाही. मामा साठी ओलांडलेला, चाळीस वर्षं या डोंगरात स्की घालून फिरलेला, आणि त्याच्या घरचा चहा प्यायला नाही असा माणूस खोऱ्यात सापडणार नाही. म्हणून सगळे म्हणतात, ऊन वाईट होतं, बर्फ वाईट होता, नशीब वाईट होतं. ऊन आणि बर्फ आपापल्या वेळेवर आले होते. उशीर मामाला झाला.

नौरोजचा, म्हणजे नव्या वर्षाचा, पाचवा दिवस. पहाटे पाच वाजता शेमशकच्या वरच्या अंगाला, मामाच्या अंगणात, त्याचा भाचा बर्दिया बर्फात काठी खुपसून बघत होता. काठी शिरेना. बर्दिया खूश झाला. रात्री आभाळ मोकळं होतं, त्यामुळे दिवसा पाघळलेला बर्फ पुन्हा दगडासारखा गोठला होता. वसंतातल्या बर्फाचं शहाणपण एवढ्यावरच उभं असतं. सकाळी तो फरशी असतो. मग ऊन लागलं की वरचा बोटभर थर साबुदाण्यासारखा मोकळा होतो, आणि त्यावरून घसरत उतरण्यासारखं सुख दुसरं नाही. हे सुख तासभर, फार तर दीड तास. पुढे त्याची लापशी होते. लापशी झाली की अख्खा उतार मनात येईल तेव्हा खाली येतो, वर कोण उभं आहे ते विचारत बसत नाही.

"मामा, लाल कातळाखालचा उतार दहाच्या आत ओलांडायचा," बर्दिया म्हणाला. "तोंड पूर्वेला आहे त्याचं. सहापासून ऊन खातो. दहा म्हणजे दहा."

"पॉलिटेक्निकनं तुला घड्याळ बघायला शिकवलं म्हणायचं," मामा म्हणाला. "तीन वर्षांत एवढं तरी पदरात पडलं."

बर्दिया बावीस वर्षांचा. तेहरानचं इंजिनियरिंग तिसऱ्या वर्षात सोडून मामाकडे आलेला. बाप त्याच्याशी बोलत नव्हता, आई गुपचूप फोन करायची. आज उतार ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात आईकडेच जेवायला जायचं होतं. मामासोबत दोन पाहुणे होते. महलका खानूम, दातांची डॉक्टर, पंचावन्नची, डोंगर चढताना तरुणांना लाजवणारी. आणि तिचा नवरा, निवृत्त इंजिनियर. त्याला सगळे नुसतं मोहंदेस म्हणत, म्हणजे इंजिनियरच.

"हाही अर्धा मोहंदेस आहे," मामानं भाच्याची ओळख करून दिली. "वरचा अर्धा."

सगळे हसले. बर्दियाही हसला, कारण विनोद बरा होता.

मग अंगणाच्या फाटकाशी तारोफ, म्हणजे एकमेकांना मान देण्याचा आमचा आग्रह, सुरू झाला. मामा छातीवर हात ठेवून बाजूला झाला. "बेफर्मायीद. आधी तुम्ही."

"छे छे, घरचे यजमान आधी," मोहंदेस.

"पाहुण्यांच्या पुढे जाऊ? जीव गेला तरी नाही."

"वयाचा मान तुमचा."

"पांढरे केस तुमचे जास्त."

"माझे पांढरे तरी आहेत, तुमचे राहिलेत कुठे?"

महलका खानूम दोघांच्या मधून निघून गेली. "तुमचं संपलं की या, मी वर शिखरावर असेन."

फाटक ओलांडायला सात मिनिटं लागली. सगळे बाहेर पडले. सगळ्यात पुढे गेलेल्या बर्दियानं मागे वळून पाहिलं, तर मामा अजून फाटक धरून उभा. मान किंचित लववलेली, हात छातीवर. दोन श्वास तसाच उभा राहिला आणि मग त्यानं कडी लावली.

शेजारचं मांजर असेल, बर्दियाला वाटलं.

२

चढताना बर्दिया सगळ्यात मागे राहिला. मागचा माणूस सगळ्यांना बघतो, ही त्याची पद्धत. स्कीच्या तळाला लावलेल्या केसाळ पट्ट्या गोठलेल्या बर्फावर करकर वाजत होत्या. चार माणसांच्या चार चाली. मामाची लांब आणि आळशी. महलका खानूमची टकटक, तिच्या दवाखान्यातल्या घड्याळासारखी. मोहंदेसची अडखळती, दर वीस पावलांनी "वा, काय देखावा" म्हणायला थांबणारी, म्हणजे धाप लागलेली. आणि बर्दियाची स्वतःची.

सव्वासहाच्या सुमारास त्याच्या लक्षात आलं की करकर पाच आहेत.

पाचवी त्याच्या मागून येत होती. हळू, बेतशीर, अंतर राखून. बर्दियानं स्वतःशी हिशोब मांडला. गोठलेलं कवच आतून पोकळ असतं, ढोलासारखं. आपल्याच पावलाचा आवाज मागे जाऊन परत येतो. त्यानं एकदम पाय थांबवला. पुढचे तिघे चालत राहिले. मागच्यानं एक पाऊल जास्त टाकलं आणि मग तोही थांबला. बेसावधपणे चालणारा माणूस पुढचा थांबल्यावर थांबतो, अगदी तसा.

बर्दियानं वळून पाहिलं. खाली त्यांची एकच रेघ, गुलाबी उजेडात. कावळासुद्धा नव्हता.

"काय झालं रे?" वरून मामा ओरडला.

"बूट सैल होता."

मामा हसला. "मागच्यांना खोळंबून ठेवू नकोस."

मागच्यांना म्हणजे? मागे तर आपणच. मामा बडबडतो तसं बडबडला असेल, असं ठरवून बर्दिया चालू लागला.

३

साडेसातला त्यानं खड्डा खणला. लाल कातळाच्या अलीकडे, ज्या उतारावरून जायचं त्याच तोंडाचा, पण धोक्याच्या बाहेरचा एक कोपरा गाठून. मामा बाजूला बसून वाळलेली तुती चघळत होता.

"मी असताना खड्डा कशाला लागतो याला?" तो पाहुण्यांना म्हणाला. "बर्फाकडे बघितलं की मला कळतं."

"मागच्या वर्षी काय कळलं होतं?" बर्दियानं खाली बघतच विचारलं. "तुझ्या कळण्यात दोन गाढवं आणि एक तंबू गेला."

"गाढवं वाचली!"

"गाढवांना कळलं म्हणून."

महलका खानूम खो खो हसली आणि खड्ड्यात उतरली. बर्दियानं तिला थर दाखवले. वर वीतभर कडक कवच. त्याखाली ओला, भरड, हातात धरला की पाणी सुटणारा थर. त्याखाली निळसर बर्फाची लादी. त्यानं करवतीनं फावड्याएवढा एक खांब कापून मोकळा केला, वर फावडं आडवं ठेवलं आणि थापट्या मारायला लागला. दहा मनगटापासून, मग दहा कोपरापासून, मग दहा खांद्यापासून. कोपराच्या चौथ्या थापटीला खांबाचा वरचा भाग ओल्या थरावरून सरळ पुढे सरकला, कपाटातल्या खणासारखा.

"वरून चकचकीत, आतून किडलेली दाढ," ती म्हणाली.

"बरोबर. गोठलेलं आहे तोवर चावायला चालेल. ऊन मुरलं की तुटणार."

"किती वाजता?"

"दहा."

"ऐकलंत का हो?" तिनं नवऱ्याला हाक दिली. "दहा!"

"ऐकलं," मोहंदेस म्हणाला. "म्हणजे चहाला वेळ आहे."

४

लाल कातळाच्या माथ्यावर पत्र्याचा जानपनाह आहे. गिर्यारोहकांसाठी बांधलेली एक खोली, सहा जण जेमतेम झोपतील एवढी. ते तिथे पोचले तेव्हा सव्वाआठ झाले होते. उत्तम वेळ. दहा मिनिटं टेकायचं, पट्ट्या काढायच्या, निघायचं, असं बर्दियानं सांगितलं आणि तिघांनीही माना डोलावल्या. माना डोलावणं वडीलधाऱ्यांना फार छान जमतं.

दाराशी पुन्हा तेच. आधी तुम्ही, नाही तुम्ही, शप्पथ आहे. शेवटी तिघेही एकदम घुसले आणि मोहंदेसची पाठपिशवी चौकटीत अडकली. मागून बर्दिया आत आला. दार मामानं धरलं होतं. बर्दिया आत आल्यावरही त्यानं ते सोडलं नाही. बाहेरच्या लख्ख पांढऱ्या उजेडाकडे बघत, हात छातीवर ठेवून, तो मृदू आवाजात म्हणाला, "बेफर्मायीद, बेफर्मायीद. थंडीत कशाला उभे?"

मग एक पाऊल मागे सरकला, वाट द्यावी तसा. आणि दार लावलं.

"कुणाला म्हणालास?" बर्दियानं विचारलं.

मामानं त्याच्याकडे पाहिलं. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग नेहमीचं हसू आलं. "सवय रे. दार दिसलं की तोंड आपोआप उघडतं. तुझी मामी म्हणायची, हा मेल्यावर कबरीशीसुद्धा आधी तुम्ही म्हणेल."

खोली अंधारी होती, मेणबत्त्यांचा आणि ओल्या लोकरीचा वास मारणारी. दोन बाजूंना लाकडी फळ्या, मधे टेबल, एक खिडकी हाताएवढी. छपरावरचा बर्फ वितळून दाराबाहेर टिपटिप गळत होता. बर्दियानं ती टिपटिप मोजायला सुरुवात केली, कारण ती ऐकायला फुकटची खूण होती. एका श्वासात एक थेंब. अजून ठीक.

मामानं स्टोव्ह पेटवला, चहा केला, टेबलावर काचेचे पेले मांडले. पनीर, लवाशची पातळ रोटी, आक्रोड. महलका खानूमनं साखरेचा खडा गालात धरला आणि म्हणाली, "डॉक्टर म्हणून मी हे पाहिलेलं नाही." मोहंदेस एका मंत्र्याच्या अक्कलदाढेची गोष्ट सांगायला लागला. बायको म्हणाली, ही गोष्ट सांगायला बंदी आहे. त्यानं सांगितलीच. बर्दियालासुद्धा इतकं हसू आलं की चहा नाकात गेला.

हसता हसता त्यानं पाहिलं, टेबलावर पाच पेले आहेत.

पाचवा पलीकडच्या टोकाला, रिकाम्या फळीसमोर. बशीत साखरेचे दोन खडे ठेवलेले, पाहुण्याला ठेवतात तसे. बाकी चार पेल्यांतून वाफ येत होती. पाचव्यातून येत नव्हती. बर्दिया पुढे वाकला. चहावर साय धरावी तसा बर्फाचा पातळ पापुद्रा धरला होता.

खिडकीशी ठेवलाय, झोत लागला असेल, त्यानं स्वतःला समजावलं. तीन मिनिटांत, वाफाळलेला चहा, झोतानं. तीन वर्षं का होईना, इंजिनियरिंग शिकलेला माणूस होता तो. त्याला ते पटलं नाही. पण दुसरं काही सुचेना, आणि सुचू नये असंही वाटलं.

"मामा, पाच का ओतलेस?"

मामानं पेले बोटानं मोजले. एक, दोन, तीन, चार. बोट पाचव्यापाशी गेलं आणि तसंच पुढे निघून गेलं. "आपण पाच जण ना?" तो सहज म्हणाला. मग स्वतःच चपापला. "चार. चार. बघा, म्हातारा झालो."

कुणीच हसलं नाही. पहिल्यांदाच.

बाहेरची टिपटिप आता एका श्वासात तीन झाली होती.

५

पावणेनऊला बर्दिया म्हणाला, चला. मामा म्हणाला, दुसरा पेला घेतल्याशिवाय उठलं तर चहाचा अपमान. पावणेदहाला बर्दिया म्हणाला, चला. मोहंदेस म्हणाला, पोरा, आम्ही तुझ्या वयाचे होतो तेव्हा घाई नव्हती. बर्दियाच्या जिभेवर आलं होतं की तेव्हाच्या त्या निवांतपणाची किंमत आता आम्ही फेडतोय, तुम्ही बांधलेलं धरण गळतंय, तुमचं पेन्शन चालू आहे, आणि माझ्या वर्गातले अर्धे जण देश सोडायच्या रांगेत उभे आहेत. त्याऐवजी तो दार उघडून बाहेर गेला.

छपरावरून आता थेंब नव्हे, धार पडत होती. समोरच्या कातळाखालून उन्हात सुटलेले बर्फाचे छोटे गोळे गरगरत उतारावर उतरत होते, आणि प्रत्येक गोळा मागे एक बारीक नागमोडी रेघ ओढत होता. असे गोळे फिरायला लागले की कुठल्याही खड्ड्याची गरज उरत नाही.

तो परत आत आला. "आता निघायचं नाही," तो म्हणाला. "उशीर झाला. इथेच थांबायचं. संध्याकाळी पुन्हा गोठलं की मगच उतरायचं."

"आणि तुझी आई?" मामा म्हणाला. "सब्जी-पोलोचा भात शिजवून बसली असेल. पाहुण्यांना बोलावून मी त्यांना पत्र्याच्या डब्यात वाळलेली तुती चारू? नौरोजच्या पाचव्या दिवशी? तोंड दाखवायला जागा राहील का मला?"

"तोंड दाखवायला तोंड असायला लागतं, मामा."

"बर्दिया जान, आवाज खाली."

महलका खानूम बर्दियाच्या बाजूनं बोलली. पण मोहंदेस म्हणाला की होर्मोज आगांसारख्या जुन्या माणसाचा शब्द आपण कसा मोडायचा. तो आयुष्यभर कुणाचा शब्द न मोडता निवृत्त झालेला माणूस. शेवटी तीही उठली.

निघाले तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. मामानं दार धरून ठेवलं आणि सगळे बाहेर आल्यावर पुन्हा एकदा मान लववली.

६

लाल कातळाशेजारून उतार सुरू होतो. पलीकडे दुसऱ्या कातळापर्यंत दोनशे पावलं, आडवं जायचं. बर्दियानं स्की काढून एक पाय टेकवला. घोट्यापर्यंत गेला. घोट्याच्या वर गेला तर ओलांडायचं नाही, असा त्याचा स्वतःचा नियम होता. पाय बरोबर घोट्यापाशी थांबला होता, आणि हा नियम किती सोयीचा आहे याची त्याला लाज वाटली.

"एकावेळी एक जण," तो म्हणाला. "पहिला पलीकडे कातळाआड गेल्याशिवाय दुसरा पाय टाकणार नाही. उतारावर दोघं नकोत, दोघांचं वजन नको. कळलं? छातीवरची बीपर चालू, गाडलं गेलं तर तिच्याच इशाऱ्यावर शोधतात. खानूम, आधी तुम्ही. आणि कृपा करून नको म्हणू नका."

ती नको म्हणाली नाही. चार मिनिटांत पलीकडे पोचली आणि तिथून काठी हलवली. मग मोहंदेस, मध्यावर देखावा बघायला न थांबता. बर्दियाला वाटलं, झालं. जमलं. आता मामा, मग आपण. पोटात पोलोची भूक लागली. ऊन चकचकत होतं, पलीकडून मोहंदेस गाण्याची ओळ चुकीच्या सुरात म्हणत होता, आणि क्षणभर सगळं खरोखर मजेचं वाटलं.

"जा, मामा."

मामा पुढे आला आणि बाजूला झाला. बर्दियाच्या खांद्यावरून मागे बघत त्यानं हात छातीवर ठेवला.

"बेफर्मायीद. आधी तुम्ही."

बर्दिया वळला नाही. मानेच्या मागे, कानाच्या उंचीवर, कुणीतरी आहे आणि श्वास घेत नाही, एवढंच त्याला जाणवत होतं.

"नाही, नाही," मामा पुढे म्हणाला, कुणीतरी नकार दिल्यासारखा. "तुम्ही पाहुणे. माझ्या आधी तुम्ही."

"मामा, बंद कर."

"शप्पथ आहे माझी. जा ना."

एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदा आग्रह केला की मान्य करायचं, अशी आपली रीत. पाळण्यातलं पोरही ती शिकतं. बर्दियाच्या उजव्या बाजूनं काहीतरी पुढे गेलं. अंग चोरून, माफी मागत, अरुंद वाटेवर वडीलधारा माणूस जातो तसं. गार. बाहीला स्पर्शसुद्धा न करता.

उतारावर दोन माणसांच्या खुणा होत्या, एकाच रेघेवर गेलेल्या. आता त्या रेघेच्या हातभर वर आणखी एक होती. ती आधीपासून होती का? मोहंदेस जरा वरून गेला असेल. बर्दियानं डोळे बारीक केले. उन्हाची तिरीप इतकी की डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या पाण्यातून ती वरची रेघ लांब होत चालल्यासारखी दिसली.

"पाहुण्याला एकटं सोडतात का?" मामा म्हणाला आणि निघाला.

बर्दियानं त्याची बाही धरली. "उतारावर दोघं नकोत! एकावेळी एक!"

मामा वळला. चेहरा प्रसन्न, आग्रहानं जेवायला वाढताना असतो तसा. "कोण दोघं? मी एकटाच तर चाललोय."

बाही सुटली.

तो साठ पावलं गेला. मग वर, कातळाच्या पायथ्याशी, एक काळी रेघ उमटली आणि तिच्यासकट सगळा उतार खाली आला. आवाज असा काहीच झाला नाही. ओल्या गोणपाटांचा ढीग कुणीतरी आरामात ओढत न्यावा, एवढाच.

७

बर्दिया घसरत, पडत खाली पोचला. पलीकडच्या दोघांना ओरडून त्यानं बीपर शोधावर टाकायला लावली, म्हणजे तिचा स्वतःचा इशारा बंद होऊन फक्त गाडलेल्याचा येतो. दोघांनी टाकली, हे त्यानं नंतर दोनदा तपासलं. मग स्वतःची टाकली.

पडद्यावर आकडा आला, दोन. दोन जण गाडले गेले आहेत.

बीपर कधीकधी खोटं बोलते. जवळ फोन असला, तार असली तर. बर्दियानं हे पुस्तकात वाचलं होतं आणि त्याला ते तोंडपाठ होतं. तो ते मोठ्यानं म्हणत राहिला आणि पळत राहिला. जवळचा आवाज तीन मीटर, दोन मीटर, एक मीटर. सळई टोचली, लागली. पलीकडचे दोघंही उतरून आले, तिघांनी फावडी चालवली. महलका खानूम शिव्या देत खणत होती, इतक्या घाणेरड्या शिव्या बर्दियानं पॉलिटेक्निकमध्येही ऐकल्या नव्हत्या. मोहंदेस रडत खणत होता, पण खणत होता.

नऊ मिनिटांत मामाचं तोंड मोकळं झालं. निळं होतं. खानूमनं बोटं घालून बर्फ काढला. मामा खोकला, श्वास घेतला, पुन्हा खोकला.

"होर्मोज आगा! होर्मोज जान! आहात ना?" मोहंदेसनं त्याचे गाल धरले.

मामानं डोळे उघडले. बर्दियाकडे पाहिलं आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, "आधी त्यांना काढ."

"कुणाला?"

"पाहुणे आहेत, बर्दिया. आधी त्यांना."

बर्दियाच्या छातीवरची बीपर वाजतच होती. दुसरा आवाज तिथेच होता, मामाच्या कमरेखाली, हातभर आत. मामाचा उजवा पाय त्याच बाजूला खाली ओढला गेला होता आणि बर्फात सिमेंटसारखा बसला होता. बर्दिया त्या बाजूनं खणायला लागला. नडगीपर्यंत पोचला. करड्या बर्फात फावड्याच्या टोकाशी काहीतरी दिसलं. हातमोजा नसलेला हात, पांढरा, पाच बोटं जुळवून पसरलेली, एका छातीवर सपाट ठेवलेली. आपण दाराशी ठेवतो तशी.

वाट बघणारा हात.

आयुष्यात पहिल्यांदा बर्दियाच्या तोंडून तारोफ फुटला नाही. त्यानं फावड्यानं बाजूचा बर्फ लोटून ते भोक बुजवलं, बुटानं दाबलं, आणि मामाला काखेत धरून सगळा जोर लावून वर ओढलं. पाय सुटेना. खानूम ओरडली, "खालून खण, असं ओढू नकोस, पाय जाईल!" ती डॉक्टर होती, तिचं बरोबर होतं. पण खालून खणायला बर्दिया तयार नव्हता. त्यानं पुन्हा ओढलं. खाली कुणीतरी तेवढ्याच अदबीनं धरून ठेवल्यासारखं वाटलं, आणि मग एकदम सोडल्यासारखं.

पडद्यावरचा आकडा एक झाला. मग खानूमनं मामाची बीपर बंद केली, आणि काहीच उरलं नाही.

हेलिकॉप्टर दीडला आलं. वाचवणाऱ्या पथकानं त्या जागी संध्याकाळपर्यंत सळया टोचल्या आणि लिहून दिलं की दुसरं कुणी नव्हतं. आईनं पोलो शेजाऱ्यांना वाटून टाकला.

होर्मोजमामाचा उजवा पाय मांडीपासून काढावा लागला.